रिलेची वेळ चौघांची

२६ ऑगस्ट २०२३ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट येथे जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत पुरुषांच्या ४×४०० मीटर रिलेची प्राथमिक फेरी झाली. मुहम्मद अनस याहिया, अमोज जेकब, मुहम्मद अजमल वारियथोडी आणि राजेश रमेश या चौघांनी २ मिनिटे ५९.०५ सेकंदांत शर्यत पूर्ण केली. त्यांच्या पुढे फक्त अमेरिका होती, आणि तिची वेळ होती २ मिनिटे ५८.४७ सेकंद. आशियातला तोपर्यंतचा विक्रम जपानच्या नावावर होता, २ मिनिटे ५९.५१ सेकंदांचा. तो त्या रात्री मोडला. भारताने तीन मिनिटांच्या आत ही शर्यत पूर्ण करण्याचीही ती पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत हाच संघ २ मिनिटे ५९.९२ सेकंदांत धावला आणि पाचवा आला. त्याच रात्री नीरज चोप्राने ८८.१७ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळवले. नीरजच्या पदकाबद्दल वाद घालण्यासारखे काही नव्हते. एक माणूस, एक भाला, एक अंतर. रिलेबद्दल मात्र चाहत्यांमध्ये वादच वाद. आदल्या दिवशीपेक्षा जवळपास एक सेकंद जास्त का लागला? कोण कमी पडला? क्रम बदलायला हवा होता का? सर्वात वेगवान धावपटू शेवटी ठेवला असता तर पदक मिळाले असते का?

या सगळ्या वादात एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे ‘स्प्लिट’. रिलेत प्रत्येक धावपटूने आपल्या टप्प्यासाठी किती वेळ घेतला त्याचा हा आकडा. घरातली मुले आता हे आकडे मोबाईलवर शोधून काढतात आणि जेवताना त्यावर भांडतात. आम्ही शाळेत हे रोज ऐकतो. हा आकडा वाचायचा कसा, त्यातून काय कळते आणि काय कळत नाही, हे समजून घेतले तर शर्यत पाहण्याची गंमत वाढते आणि एखाद्याला दोषी ठरवण्याआधी आपण थोडे थांबतो. म्हणून हा लेख.

फळ्यावरचा हिशेब

नववीच्या वर्गात आम्ही एकदा हे गणित घातले. ४०० मीटरचा भारतीय विक्रम २०२३ मध्ये अनसच्या नावावर होता. २०१९ साली त्याने ४५.२१ सेकंद ही वेळ दिली होती. समजा, चारही धावपटू अनसच्या त्या विक्रमी वेळेत धावले. मग रिलेची एकूण वेळ किती?

मुलांनी गुणाकार केला. ४५.२१ गुणिले ४ म्हणजे १८०.८४ सेकंद, म्हणजेच ३ मिनिटे ०.८४ सेकंद. आता बुडापेस्टची खरी वेळ पाहा : २ मिनिटे ५९.०५ सेकंद. चार राष्ट्रीय विक्रमांच्या बेरजेपेक्षाही रिलेची वेळ १.७९ सेकंदांनी कमी! वर्गात एकच गोंधळ उडाला. कोणी म्हणाले घड्याळ चुकले असेल, कोणी म्हणाले अंतर कमी असेल. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने उत्तर दिले, “पहिला सोडून बाकीचे तिघे पळत पळत बॅटन घेतात ना!”

हेच ते उत्तर. वैयक्तिक ४०० मीटर शर्यतीत धावपटू ब्लॉकवर वाकून बसतो, बंदुकीचा आवाज ऐकतो, उठतो आणि मग वेग पकडतो. हा सगळा वेळ त्याच्या खात्यात जमा होतो. रिलेत ही अडचण फक्त पहिल्या धावपटूला असते. बाकी तिघे बॅटन हातात येण्याआधीच धावायला लागलेले असतात. १.७९ सेकंद तिघांत वाटले तर प्रत्येकाला साधारण ०.६ सेकंद येतात. धावत्या सुरुवातीचा फायदा साधारण एवढाच असतो.

पण एवढ्यावर थांबलो तर त्या चौघांवर अन्याय होईल. धावत्या सुरुवातीचा फायदा जगातल्या प्रत्येक संघाला मिळतो. शिवाय आपण चौघांनाही अनसची सर्वोत्तम वेळ बहाल केली होती, आणि राष्ट्रीय विक्रम तर एकट्या अनसच्या नावावर होता. तरीही चौघांची सरासरी ४४.७६ सेकंद आली. याचा अर्थ त्या रात्री चौघेही आपापल्या सर्वोत्तम ताकदीच्या जवळ धावले. एकाच्या जोरावर अशी सरासरी निघत नाही.

याच कारणामुळे स्प्लिटची तुलना वैयक्तिक विक्रमाशी करता येत नाही. १९९३ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे अमेरिकेने २ मिनिटे ५४.२९ सेकंदांचा जागतिक विक्रम केला, तेव्हा शेवटच्या टप्प्यात मायकेल जॉन्सन ४२.९१ सेकंदांत धावला अशी नोंद आहे. वैयक्तिक ४०० मीटरचा जागतिक विक्रम दक्षिण आफ्रिकेच्या वेड व्हॅन निकर्कचा आहे, ४३.०३ सेकंदांचा. जॉन्सनचा आकडा त्याहून कमी असला तरी तो विक्रम धरला जात नाही, कारण सुरुवात वेगळी आहे.

घड्याळ नेमके कुठे थांबते?

दुसरी गोष्ट मोजमापाची. ४×४०० मीटर रिलेत बॅटन बदलण्यासाठी २० मीटरचा पट्टा आखलेला असतो, रेषेच्या १० मीटर आधीपासून १० मीटर पुढेपर्यंत. बॅटन या पट्ट्यात कुठेही हातबदल करू शकते. बघायची ती बॅटन. धावपटूचे पाय कुठे आहेत याला महत्त्व नाही. समजा, बॅटन रेषेच्या ८ मीटर पुढे दिली गेली. म्हणजे देणाऱ्याने ४०८ मीटर बॅटन वाहून नेली आणि घेणाऱ्याने ३९२ मीटर. टप्प्याची वेळ मात्र रेषेवरच मोजली जाते. एकाने जास्त केलेले काम दुसऱ्याच्या खात्यात जाते, आणि आकड्यांच्या तक्त्यात त्याचा मागमूसही राहत नाही.

मोठ्या स्पर्धांत आता कॅमेरे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. तरीही जॉन्सनच्या त्या प्रसिद्ध टप्प्याची वेळ कुठे ४२.९१ तर कुठे ४२.९४ अशी छापलेली आढळते. मग टीव्हीसमोर बसून मोबाईलच्या स्टॉपवॉचवर घेतलेल्या वेळेची काय कथा! आमच्या शाळेच्या मैदानावर आम्ही तीन मुलांना तीन मोबाईल देऊन एकाच धावपटूची वेळ घ्यायला लावली, तेव्हा तीन वेगळे आकडे आले आणि तिघेही आपलाच खरा म्हणून अडून बसले.

हा प्रश्न नवा नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खा सिंग ४०० मीटरमध्ये चौथे आले. त्यांची वेळ हाताच्या घड्याळावर ४५.६ सेकंद आणि विद्युत घड्याळावर ४५.७३ सेकंद अशी नोंदली गेली. दोन्ही आकडे आजही वापरात आहेत आणि कोणता धरायचा यावर जुने चाहते अजून बोलतात. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत एका शतांश सेकंदाने कांस्यपदकाला मुकल्या. शतांशाचे दुःख काय असते हे आपल्या देशाला तेव्हापासून ठाऊक आहे.

तक्त्यात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे वळण. रिलेत पहिला धावपटू पूर्ण फेरी आपल्याच लेनमध्ये धावतो. दुसरा धावपटू पहिले वळण आपल्या लेनमध्ये घेतो आणि मग सगळे आतल्या बाजूला येतात. तिथून पुढे गर्दी सुरू होते. पुढच्याला मागे टाकण्यासाठी एखाद्याला पूर्ण वळण एक लेन बाहेरून घ्यावे लागले, तर तो सुमारे पावणेचार मीटर जास्त धावतो. त्या वेगात हे साधारण ०.४ सेकंदांचे काम आहे. एकाचा स्प्लिट ४५.० आणि दुसऱ्याचा ४५.३ दिसला, तरी दुसरा जास्त चांगला धावला असेल, असे होऊ शकते. शर्यत पुन्हा पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

वेगवान टप्पा, तरी दुसरा क्रमांक

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधली पुरुषांची अंतिम फेरी या बाबतीत मोठी बोलकी आहे. अमेरिकेने २ मिनिटे ५४.४३ सेकंदांत सुवर्ण जिंकले आणि बोट्सवानाला २ मिनिटे ५४.५३ सेकंदांत रौप्य मिळाले. फरक फक्त ०.१० सेकंदाचा. शेवटच्या टप्प्यात अमेरिकेकडून राय बेंजामिन होता, ४०० मीटर अडथळ्यांचा ऑलिंपिक विजेता. बोट्सवानाकडून लेत्सिले तेबोगो होता, २०० मीटरचा विजेता. बेंजामिनचा टप्पा ४३.१८ सेकंदांचा आणि तेबोगोचा ४३.०४ सेकंदांचा. म्हणजे तेबोगो जास्त वेगाने धावला आणि त्याचा संघ हरला.

हिशेब मांडून पाहा. तेबोगोच्या हातात बॅटन आली तेव्हा बोट्सवाना ०.२४ सेकंद मागे होते. त्यातले ०.१४ सेकंद त्याने एकट्याने भरून काढले. उरले ०.१०. तेवढ्याने सुवर्ण गेले. हे ०.२४ सेकंद आधीच्या तीन टप्प्यांत तयार झालेले होते. टीव्हीवर सगळ्यांच्या लक्षात राहिली ती शेवटच्या शंभर मीटरची झुंज. निकालाची पायाभरणी मात्र त्याच्या कितीतरी आधी, कॅमेरा फारसा नसताना झाली होती.

१०० मीटरच्या रिलेत तर हे आणखी स्पष्ट होते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जपानने ४×१०० मीटर रिलेत ३७.६० सेकंदांत रौप्य मिळवले. त्या संघातल्या एकाही धावपटूने तोपर्यंत १०० मीटर १० सेकंदांच्या आत धावलेले नव्हते. त्यांनी बॅटन बदलण्याचा सराव इतका घोटला होता की तीन बदलांत वेग जराही कमी झाला नाही. त्याच शर्यतीत अमेरिकेचे धावपटू वैयक्तिक वेळेत वरचढ होते, पण बॅटन पट्ट्याबाहेर दिली गेल्याने तो संघ बाद झाला. पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये, स्वतःच्याच मैदानावर, जपानच्या पहिल्या दोन धावपटूंमध्ये बॅटन बदललीच गेली नाही आणि शर्यत तिथेच संपली. ज्यांची खरी ताकद बॅटन बदलण्यात होती, त्यांनाही एक क्षण चुकला.

सगळे शेवटच्याच्या माथी

रिलेत शाबासकी आणि दूषणे दोन्ही बहुतेक वेळा शेवटच्या धावपटूच्या वाट्याला येतात. नेदरलँड्सची फेमके बोल याचे उदाहरण आहे. बुडापेस्टलाच मिश्र रिलेच्या अंतिम फेरीत ती अमेरिकेच्या धावपटूशी बरोबरीने झुंजत होती. रेषा काही मीटरवर असताना ती पडली, बॅटन हातातून सुटली आणि पदक गेले. आठ दिवसांनी महिलांच्या रिलेत तिने अगदी शेवटच्या पावलांत पुढच्यांना गाठून नेदरलँड्सला सुवर्ण मिळवून दिले. वर्षभराने पॅरिसला मिश्र रिलेत ती चौथ्या स्थानावरून निघाली आणि ४७.९३ सेकंदांचा टप्पा धावून पहिली आली. धावपटू तीच, टप्पा शेवटचाच. आठ दिवसांच्या आत लोकांनी तिला आधी अपयशी आणि मग महान ठरवले.

मिश्र रिलेत तर आकडे पाहून पूर्ण फसायला होत असे. सुरुवातीला पुरुष आणि महिला कोणत्या क्रमाने धावायचे हे संघ ठरवत. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत पोलंडने पहिल्या दोन टप्प्यांत पुरुष पळवले. पोलंड खूप पुढे निघाले. शेवटच्या टप्प्यात त्यांची महिला धावपटू पुढे आणि मागून इतर देशांचे पुरुष, असे दृश्य दिसले आणि पोलंड पाचवे आले. ज्याने फक्त शेवटची फेरी पाहिली त्याला वाटले असेल की त्या धावपटूनेच शर्यत घालवली. पुढे हा गोंधळ टाळण्यासाठी पुरुष, महिला, पुरुष, महिला असा क्रम ठरवून देण्यात आला.

याच मिश्र रिलेत भारताचा एक निकाल घड्याळाने नव्हे तर प्रयोगशाळेने बदलला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत अनस, एम. आर. पूवम्मा, हिमा दास आणि आरोकिया राजीव यांना बहरीनच्या मागे रौप्य मिळाले होते. पुढे बहरीनची केमी अडेकोया उत्तेजक द्रव्य घेतल्याबद्दल दोषी ठरली आणि सुवर्ण भारताकडे आले. ज्या संध्याकाळी “आपण मागे का पडलो” यावर चर्चा झाली, त्या संध्याकाळी आपण खरे तर पहिले होतो.

देशाची कामगिरी कोणत्या मापाने?

आता भारताच्या पुरुष संघाचे चार निकाल शेजारी शेजारी ठेवू. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ३ मिनिटे ०.२५ सेकंद, तेव्हाचा आशियाई विक्रम, तरीही संघ एकूण नववा आणि अंतिम फेरीत जागा आठ. बुडापेस्टला २ मिनिटे ५९.०५ सेकंद आणि मग जगात पाचवा क्रमांक. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ३ मिनिटे १.५८ सेकंद आणि सुवर्णपदक. या रिलेतले पुरुषांचे आधीचे आशियाई सुवर्ण १९६२ साली मिल्खा सिंग यांच्या संघाने जकार्तात मिळवले होते. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३ मिनिटे ०.५८ सेकंद, अंतिम फेरी हुकली.

चारांपैकी सर्वात संथ वेळेला सुवर्ण मिळाले आणि आशियाई विक्रम करूनही एकदा अंतिम फेरी मिळाली नाही. पदक हे समोर कोण आहे यावर ठरते. घड्याळाला समोर कोण आहे याचा पत्ता नसतो. देश पुढे गेला की मागे, हे विचारताना दोन्ही पाहावे लागतात.

बुडापेस्टच्या अंतिम फेरीबद्दलचा वादही याच नजरेने पाहू. “आदल्या दिवशीची वेळ पुन्हा दिली असती तर पदक होते,” असे अनेक जण म्हणतात. अंतिम फेरीत अमेरिका २ मिनिटे ५७.३१, फ्रान्स ५८.४५, ब्रिटन ५८.७१ आणि जमैका ५९.३४ असे आले. २ मिनिटे ५९.०५ या वेळेने आपण जमैकाच्या पुढे, चौथे आलो असतो. कांस्य तरीही ०.३४ सेकंद दूर राहिले असते. शिवाय ज्या संघाने त्याआधी कधी तीन मिनिटांचा आकडा ओलांडला नव्हता, तो सलग दोन दिवसांत दोनदा तीन मिनिटांच्या आत धावला. ही गोष्ट वादाच्या धुरळ्यात दिसतच नाही.

रिलेत नसलेला पाचवा धावपटूही मोजावा लागतो. मे २०२४ मध्ये बहामातील नासाऊ येथे पॅरिसची पात्रता फेरी होती. पहिल्या दिवशी दुसऱ्या टप्प्यात राजेश रमेशच्या पायात गोळे आले आणि भारताची शर्यत अर्ध्यावर संपली. त्या दिवशी तक्त्यात भारताची वेळच नाही. दुसऱ्या दिवशी आरोकिया राजीवला संघात घेतले, भारत ३ मिनिटे ३.२३ सेकंदांत दुसरा आला आणि पॅरिसचे तिकीट मिळाले. ज्या राजीवची चर्चा बुडापेस्टच्या वेळी कोणी केली नाही, त्याच्याशिवाय पॅरिस नव्हते.

मग पुढे जायचे तर काय हवे? बुडापेस्टला ४०० मीटरची वैयक्तिक शर्यत जमैकाच्या अँटोनियो वॉटसनने ४४.२२ सेकंदांत जिंकली. आपला तेव्हाचा विक्रम ४५.२१, म्हणजे जवळपास एक सेकंद मागे. रिलेत आपण एकजुटीने हे अंतर झाकत आलो आहोत. पण पॅरिसच्या अंतिम फेरीत जपानने २ मिनिटे ५८.३३ सेकंदांत धावून आशियाई विक्रम परत घेतला. हा फरक ०.७२ सेकंदांचा आहे, एका धावपटूमागे ०.१८. आता हे अंतर बॅटन नीट बदलून भरणार नाही. वैयक्तिक ४०० मीटरमध्येच धावपटू वेगवान व्हावे लागतील. २०२५ मध्ये तमिळनाडूच्या विशाल टी. के. ने ४५.१२ सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम मोडला, ही त्या दिशेची चांगली खूण आहे.

लोकसंख्या हे कारण किंवा सबब होऊ शकत नाही, हे बोट्सवानाने दाखवून दिले. या देशाची लोकसंख्या पंचवीस लाखांच्या आसपास, आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत, भर पावसात, बोट्सवानाने २ मिनिटे ५७.७६ सेकंदांत हीच रिले जिंकली. आफ्रिकेतल्या कोणत्याही देशाने पुरुषांची ही जागतिक रिले जिंकण्याची ती पहिलीच वेळ. अमेरिका फक्त ०.०७ सेकंद मागे होती. त्या संघातल्या केबिनात्शिपीने वैयक्तिक ४०० मीटरचे सुवर्णही जिंकले होते. एका चांगल्या धावपटूला पाहून दुसरा तयार होतो, त्याला पाहून तिसरा, आणि चार जमले की रिले होते.

आपल्या महिलांनी हे आधीच करून दाखवले आहे. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषा, शायनी अब्राहम, एम. डी. वलसम्मा आणि वंदना राव यांचा संघ ३ मिनिटे ३२.४९ सेकंदांत ऑलिंपिक अंतिम फेरीत सातवा आला. २००२ ते २०१८ या काळात महिलांच्या ४×४०० रिलेत भारताने सलग पाच आशियाई सुवर्णपदके जिंकली. २०२३ ला हांगझोऊत रौप्य मिळाले, आणि त्या चौघींत मुंबईची ऐश्वर्या मिश्रा होती. पुरुषांच्या एका सुवर्णाची जितकी चर्चा झाली, तितकी या पाच सुवर्णांची आपल्या घरांत झाली का, हे आपण स्वतःलाच विचारावे.

अमानत पुढे देताना

आता थोडे आपल्या घरांबद्दल. बुडापेस्टच्या त्या संघात अनस आणि अजमल ही नावे ऐकून आपल्या मुलांची छाती फुगते. ते स्वाभाविक आहे आणि त्यात काही गैर नाही. केरळच्या कोल्लम जिल्ह्यातील निलमेलचा अनस नौदलात आहे, अजमलही केरळचाच. पण कौतुक करताना काही जण फक्त त्या दोघांचे टप्पे सांगतात, आणि पराभव झाला की बाकीच्या दोघांचे. दुसरीकडे याच्या बरोबर उलटे करणारेही भेटतात. दोघेही एकच चूक करतात. दिल्लीत वाढलेला अमोज आणि रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी केलेला राजेश यांच्याशिवाय ते २ मिनिटे ५९.०५ सेकंद अस्तित्वातच येत नाहीत. विक्रमाच्या पुस्तकात चार नावे एका ओळीत आहेत आणि वेळ एकच.

बॅटन म्हणजे जेमतेम फूटभर लांबीची, पन्नास ग्रॅमच्या आसपास वजनाची पोकळ नळी. पण ती हातात असेपर्यंत अमानत आहे. ज्याच्या हातून पडली त्यानेच उचलायची असा नियम आहे. आणि मागचा कितीही मागे असला तरी पुढच्याने त्याच्याकडूनच ती घ्यायची असते. त्या क्षणी “तू उशीर का केलास” असे विचारायला वेळ नसतो.

शाळेच्या क्रीडादिनी आम्ही पालकांना एक विनंती करतो, तीच इथे करतो. तुमचे मूल रिलेत शेवटचे पळाले आणि संघ हरला, तर घरी आल्यावर पहिला प्रश्न “कोणी घालवले?” असा नको. “बॅटन घेतलीस तेव्हा तुम्ही कितवे होता?” असा प्रश्न विचारा. मूल आठवून सांगेल, आधीच्या तिघांबद्दल सांगेल, आपण कुठे वेळ भरून काढला आणि कुठे गमावला ते सांगेल. एवढ्या एका प्रश्नाने त्याला हिशेबही कळतो आणि आपल्या सोबत्यांची किंमतही.

आणि पुढची मोठी स्पर्धा टीव्हीवर लागली की घरात एक वही घेऊन बसा. प्रत्येक बॅटन बदलाच्या वेळी भारत कितवा आहे आणि पुढच्यापासून किती मागे आहे, एवढेच टिपून ठेवा. शर्यत संपल्यावर चार ओळी वाचा. मग वाद घालायचाच असेल तर जरूर घाला. निदान तो चौघांबद्दल असेल.